एप्रिलच्या उकाड्यासाठी एक लिंबूवर्गी परफ्यूम

बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाच्या सालीच्या तेलाचा एक थेंब कागदी पट्टीवर टाकून थंड खोलीत ठेवला, तर दीड-दोन तास तो बर्गमॉट म्हणून ओळखता येतो. तीच पट्टी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता गॅलरीत टांगली, तर पाऊण तासात जवळजवळ कागदाचाच वास उरतो. उन्हाळ्यासाठी लिंबूवर्गी, फळांच्या वासाचा परफ्यूम बनवायचा म्हणजे या पाऊण तासाचं काय करायचं ते ठरवायचं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ठाण्यात हे काम हाती घेतलं आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाटल्या भरल्या. चार फेऱ्यांनंतर सूत्र पक्कं झालं. त्यातली वजनं, चुका आणि त्यांची कारणं इथे देत आहोत.

आधी मुळातली अडचण. संत्र, मोसंबी, ग्रेपफ्रूट यांच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एकाच रेणूचा असतो: लिमोनीन. रेणुभार १३६, उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअसच्या आसपास. सुगंधाच्या सामानात हा अगदी हलका गडी. तापमान दहा अंशांनी चढलं की अशा द्रव्याचा बाष्पदाब ढोबळमानाने दुपटीच्या जवळ जातो. म्हणजे पंचवीस अंशांच्या खोलीत जे तासभर पुरतं, ते पस्तीस अंशांच्या अंगावर त्याच्या निम्म्यात संपतं. नवशिका माणूस अशा वेळी तेलाचं प्रमाण वाढवतो. त्याने पहिला भपका मोठा होतो, टिकाऊपणात मात्र चार-पाच मिनिटांचीच भर पडते. ‘फिक्सेटिव्ह’ टाकला की लिंबू चार तास टिकतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात तथ्य एवढंच, की मिश्रणात जड रेणूंचा वाटा वाढला की लिमोनीनचा बाष्पदाब त्या प्रमाणात थोडा उतरतो. लिमोनीन उडायचं ते उडतंच.

म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवलं ते असं: लिंबूवर्गी तेलं वीस मिनिटांची, हे मान्य करायचं. ती जाताना त्यांची जागा फळांनी घ्यायची, फळं जाताना सालीचा कडवट तुरटपणा मागे ठेवणाऱ्या जड द्रव्यांनी घ्यायची. हुंगणाऱ्याला मध्ये कुठे सांधा लागता कामा नये.

खरेदीला निघताना नावांचा एक गोंधळ निस्तरावा लागतो. दुकानात ‘स्वीट ऑरेंज’ म्हणून जे तेल मिळतं ते सिट्रस सायनेन्सिस या झाडाचं, आणि आपली मोसंबी त्याच जातीतली. नागपुरी संत्र हे मँडरिन, म्हणजे सिट्रस रेटिक्युलाटा. सोललेल्या संत्र्याच्या सालीतून डोळ्यांत उडणाऱ्या फवाऱ्याचा वास हवा असेल, तर ‘ऑरेंज’ घेऊन निराशा होते. ‘रेड मँडरिन’ घ्यावं लागतं. मँडरिनमध्ये मिथाइल एन-मिथाइल अँथ्रॅनिलेट नावाचा घटक अल्प प्रमाणात असतो. संत्र्याचा तो दाट, द्राक्षाकडे झुकणारा गोडवा त्याचाच, आणि तेल उजेडात धरलं की दिसणारी निळसर झाकही त्याचीच. ग्रेपफ्रूटची ओळख पटवायची तर आपल्याकडच्या पपनसाची साल नखाने खरवडून पाहावी. जात वेगळी आहे, पण तो कडसर, किंचित गंधकी ताजेपणा नात्यातलाच आहे.

बर्गमॉटला मात्र आपल्याकडे पर्याय नाही. इटलीच्या टाचेजवळ नव्हे, पायाच्या अंगठ्याशी, कॅलाब्रियातल्या रेज्जोच्या किनारपट्टीवर जगातला बहुतेक बर्गमॉट पिकतो. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. सुरुवातीच्या फळांचं तेल हिरवट आणि तिखट, शेवटाकडच्या फळांचं पिवळट आणि गोड. सगळ्या लिंबूवर्गी तेलांत बर्गमॉट वेगळं का, तर त्यात लिमोनीन जेमतेम तीस-पंचेचाळीस टक्के असतं आणि पाव ते तृतीयांश भाग लिनालिल अॅसिटेटचा असतो. हा रेणू लिमोनीनहून जड, फुलासारखा, लॅव्हेंडरच्या वळणाचा. लिंबातून फुलाकडे जाणारी पायरी बर्गमॉटमध्ये तयारच मिळते. १७०९ पासून कोलोनमध्ये फारिना घराणं विकत आलं त्या ‘ओ द कोलोन’चा कणा बर्गमॉट झाला, तो यामुळेच.

बर्गमॉट घेताना एक गोष्ट विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत: तेल बर्गाप्टेनमुक्त आहे का? दाबून काढलेल्या साध्या तेलात बर्गाप्टेन नावाचा फ्युरोकुमरिन असतो. तो कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे येतात, आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. मानेवर फवारा मारून उन्हात फिरणाऱ्याच्या मानेवर ओघळाच्या आकाराचा डाग उठतो, तो हाच. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने, म्हणजे इफ्राने, अंगावर राहणाऱ्या उत्पादनात साध्या बर्गमॉट तेलाला ०.४ टक्के एवढीच मुभा दिली आहे. आमच्या सूत्रात तयार परफ्यूमच्या तीन टक्के बर्गमॉट बसतं, मर्यादेच्या सातपटीहून जास्त. उन्हाळ्यात लावायच्या परफ्यूममध्ये हा धोका पत्करण्याचा प्रश्नच येत नाही. बर्गाप्टेन काढलेलं तेल वासाला किंचित सपाट असतं. ती उणीव पेटिग्रेनने, म्हणजे कडू संत्र्याच्या पानांच्या तेलाने, बऱ्यापैकी भरून निघते.

दुसरी तपासणी ताजेपणाची. लिमोनीन हवेतला ऑक्सिजन पटकन घेतं. जुन्या तेलाला टर्पेंटाइनची, वॉर्निशची झाक येते आणि बाटलीच्या तोंडाशी बोटाला चिकट लागतं. असं तेल वासाला वाईट असतंच, शिवाय त्यातली पेरॉक्साइडं कातडीला अॅलर्जी करतात. वासावरून शंका आली की तेल बाजूला काढायचं. चांगल्या तेलात मिसळून खपवायचं नाही. एका पुरवठादाराकडून आलेलं लिंबाचं तेल पट्टीवर पहिल्या मिनिटाला ठीक वाटलं आणि दहाव्या मिनिटाला रंगाच्या डब्यासारखं झालं. ते परत केलं. त्यानंतर प्रत्येक तेलाची पट्टी अर्धा तास पाहिल्याखेरीज वजनाला घ्यायचं नाही, असा नेम केला. चांगलं तेल घरी आल्यावर लहान, काठोकाठ भरलेल्या गडद काचेच्या बाटल्यांत, फ्रिजमध्ये. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी बाटली हवा.

भांडी साधी. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर मिळणारे पन्नास मिलीचे चार काचेचे बीकर, काचेच्या कांड्या, गडद बाटल्या, ०.००१ ग्रॅम दाखवणारा काटा. सोनाराकडचा ०.०१ ग्रॅमचा काटा चालतो, पण ०.२० ग्रॅम मोजताना त्याची एका घराची चूकही पाच टक्क्यांची होते. एक थेंब साधारण ०.०२ ते ०.०३ ग्रॅम. वजन करताना पंखा बंद, एसीचा झोतही काट्यावर नको, नाहीतर आकडा स्थिर होत नाही. रबरी बोंडाचे ड्रॉपर तेलाच्या बाटलीवर कायमचे लावून ठेवू नयेत. लिंबूवर्गी तेलाने रबर फुगतं आणि त्याचा वास तेलात उतरतो. थर्माकोलवर थेंब पडला तर तिथे भोक पडतं, इतकं लिमोनीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. त्यामुळे त्या प्लास्टिकचे कप नकोत.

तीव्र द्रव्यं आधी पातळ करून ठेवावी लागतात. आम्ही ती ट्रायएथिल सिट्रेटमध्ये, म्हणजे सहज न उडणाऱ्या द्रावकात, दहा टक्के किंवा एक टक्का केली. अल्कोहोलमध्ये केलं तर बाटली उघडझाप करताना अल्कोहोल उडतं आणि महिन्याभरात दहा टक्क्यांचे बारा टक्के झालेले असतात. खालच्या थरासाठीचं अँब्रॉक्सान स्फटिकांच्या रूपात येतं. ते कोमट पाण्यात बाटली धरून पूर्ण विरघळल्याशिवाय वापरायचं नाही. तळाशी एक खडा राहिला तरी सगळी मापं खोटी.

आता फेऱ्या. प्रत्येक फेरी पाच ग्रॅमची.

पहिल्या फेरीत लिंबूवर्गी तेलं सत्तर टक्के होती आणि खाली नुसता कस्तुरीचा, म्हणजे मस्कचा, थर. पहिली पाच मिनिटं देखणी. हातावर पस्तिसाव्या मिनिटाला धुतलेल्या टॉवेलसारखा वास उरला. मधलं घरच रिकामं होतं.

दुसऱ्या फेरीत फळ आणलं. व्यवहारात ‘अल्डिहाइड सी-१४’ म्हणतात तो पीचचा पदार्थ. नाव अल्डिहाइड असलं तरी तो गॅमा-अंडेकालॅक्टोन नावाचा लॅक्टोन आहे. संहत मिश्रणात, म्हणजे अल्कोहोल घालण्याआधीच्या मिश्रणात, एक टक्का घातला. एसीत छान, मऊ, रसरशीत. बाहेर पडल्यावर तोच वास दुधाळ, तेलकट, शाम्पूसारखा झाला आणि घशाशी आला. लॅक्टोन जड आणि चिवट असतात. उष्णतेत वरचं लिंबू पळतं आणि हे एकटेच उरतात. म्हणून गरम हवेसाठी फळ निवडताना पिकलेलं, साईसारखं फळ मागे ठेवायचं आणि आंबट, करकरीत फळ पुढे आणायचं. पीचचा अंश एक टक्क्यावरून ०.३ टक्क्यांवर आणला. त्याच्या जोडीला फ्रुक्टोन (सफरचंद-अननसाच्या अधलंमधलं), अॅलिल अमाइल ग्लायकोलेट (अननसाची हिरवी साल) आणि डेल्टा डॅमस्कोनचा कण घेतला. डॅमस्कोन ०.०२ टक्के एवढंच. त्याहून वाढलं की जॅमची बरणी उघडल्यासारखं होतं.

तिसऱ्या फेरीत सर्वांत जास्त शिकायला मिळालं. ग्रेपफ्रूट आणि पॅशनफ्रूट यांचा जो झणझणीत टोकदारपणा असतो तो गंधकयुक्त रेणूंचा. ग्रेपफ्रूटच्या तेलातही नव्वद टक्के लिमोनीनच असतं. ते ग्रेपफ्रूट वाटतं ते अतिसूक्ष्म मात्रेतल्या एका थायॉलमुळे. हा टोकदारपणा आणायला ऑक्सेन नावाचा पदार्थ वापरला. पट्टीवर ०.०५ टक्के अप्रतिम लागला. अंगावर, घाम आल्यावर, दोघांच्या हातावर तोच वास शिळ्या घामाकडे आणि मांजराच्या मुताकडे वळला. कारण सरळ आहे: काखेतल्या घामाचा वास ज्या रेणूंनी येतो त्यांतला एक असाच गंधकयुक्त, ग्रेपफ्रूट-कांद्याच्या वळणाचा असतो. थंड देशात, कोरड्या कातडीवर हे मिश्रण खपून जातं. ठाण्याच्या दमट दुपारी दोन्ही वास एकमेकांना ओळखतात आणि वाढतात. ऑक्सेन पाचपट कमी केलं, ०.०१ टक्क्यावर. कमी झालेला ग्रेपफ्रूट मिथाइल पँपलमूसने भरून काढला. यात गंधक नाही, त्यामुळे घामाशी त्याची सोयरीक जुळत नाही. उन्हाळी परफ्यूमची पट्टीवरची चाचणी अपुरी का, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

याच फेरीत कैरीचाही विचार झाला. कैरीचा वास परफ्यूममध्ये कसा बसतो हे जाँ-क्लोद एलेना यांनी २००५ मध्ये एर्मेससाठी केलेल्या ‘अँ जार्दँ स्युर ल नील’मध्ये दिसतं. इजिप्तमध्ये आस्वानजवळ नाईलकाठी झाडावर लटकलेल्या कैऱ्यांवरून त्यांना ते सुचलं होतं. त्यातली कैरी म्हणजे मोठ्या अंशी ग्रेपफ्रूट आणि हिरवेपणा यांचा मेळ आहे. आपल्या नाकाला कैरी म्हटलं की देठाचा चीक आठवतो, आणि तो आणायचा तर ओसिमीनसारखी हलकी टर्पिनं, म्हणजे लिमोनीनच्या कुळातली द्रव्यं, लागतात. ती लिमोनीनसारखीच झटकन उडतात. आधीच उडणाऱ्यांची गर्दी असलेल्या मिश्रणात आणखी उडणारं घालण्यात अर्थ नव्हता. नुकत्याच तोडलेल्या पानाच्या वासाचं सिस-३-हेक्सेनॉल तेवढं कणभर घेतलं.

चौथी फेरी खालच्या थराची. इथे आमची निवड ठाम आहे: उन्हाळ्यात व्हॅनिला, बेंझॉइन, अंबरी गोडवा नको. त्याऐवजी हेडिओन भरपूर. चमेलीच्या कुळातला हा पदार्थ स्वतः फारसा वास दाखवत नाही, पण आजूबाजूच्या लिंबूवर्गी सुरांना हवा आणि पसारा देतो. १९६६ मध्ये एडमाँ रुदनित्स्का यांनी ‘ओ सोवाज’मध्ये तो वापरला, तेव्हापासून लिंबाच्या खाली काय घालायचं या प्रश्नाचं ते पहिलं उत्तर झालं आहे. त्याखाली हेल्व्हेटोलाइड, कारण या मस्कला नाशपातीची झाक असते आणि फळाचा धागा शेवटपर्यंत हातात राहतो. आणि अगदी तळाला वाळा. ग्रेपफ्रूट आणि वाळा यांचं जुळतं. दोघांतही तोच कडसर कोरडेपणा आहे. कनौजचं रूह खस आम्ही लावून पाहिलं. त्याचा ओल्या मातीचा गडदपणा एकट्याने सुरेख, पण या हलक्या मिश्रणात तो सगळ्यांवर पाय देऊन उभा राहिला. हैतीचं वाळ्याचं तेल स्वच्छ आणि कोरडं, तेच ठेवलं.

वीस ग्रॅम संहत मिश्रणाचं पक्कं सूत्र, ग्रॅममध्ये:

बर्गमॉट, बर्गाप्टेनमुक्त ४.००
रेड मँडरिन २.४०
ग्रेपफ्रूट २.००
लिंबू, दाबून काढलेलं ०.८०
मिथाइल पँपलमूस ०.२०
सिस-३-हेक्सेनॉल, १० टक्के ०.२०
ऑक्सेन, १ टक्का ०.२०
अॅलिल अमाइल ग्लायकोलेट, १० टक्के ०.२०
अल्डिहाइड सी-१४, १० टक्के ०.६०
डेल्टा डॅमस्कोन, १ टक्का ०.४०
फ्रुक्टोन ०.४०
हेडिओन ३.६०
पेटिग्रेन ०.४०
नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल), १० टक्के ०.४०
हेल्व्हेटोलाइड १.००
एथिलीन ब्रासिलेट (मस्क) १.२०
आयसो ई सुपर (लाकडी वासाचं) १.४०
अँब्रॉक्सान, १० टक्के ०.४०
वाळा, हैती ०.२०

वजन करण्याचा क्रम मात्र खालून वर. आधी वाळा, मस्क, आयसो ई, हेडिओन. मग पातळ केलेली तीव्र द्रव्यं. लिंबूवर्गी तेलं सर्वांत शेवटी. एकोणीस पदार्थ मोजायला अर्धा-पाऊण तास जातो. मँडरिन आधी ओतलं तर तेवढ्या वेळात त्यातलं बरंच बीकरमधून उडून जातं. वाळा घट्ट असतो, कांडीवरून हळू उतरतो, म्हणून रिकाम्या बीकरात तो पहिला. एखादं द्रव्य जास्त पडलं तर काढायला जाऊ नये. वहीत प्रत्यक्ष वजन लिहावं आणि शेवटी बाकीची त्या प्रमाणात वाढवायची की नाही ते ठरवावं. सहा टक्के जास्त हेडिओन कुणाच्या लक्षात येत नाही. सहापट ऑक्सेन येतं. सगळं झाल्यावर टोकोफेरॉलचा (ई जीवनसत्त्वाचा) एक थेंब, म्हणजे साधारण ०.०२ ग्रॅम. वीस ग्रॅमला तो ०.१ टक्का होतो आणि तेल जुनं होण्याचा वेग कमी करतो.

ऊन आणि कातडीचा हिशेब पुन्हा एकदा करायचा. संहत मिश्रण तयार परफ्यूममध्ये पंधरा टक्के जाणार. लिंबू मिश्रणात चार टक्के, म्हणजे परफ्यूममध्ये ०.६; त्याची मर्यादा २ टक्के. ग्रेपफ्रूट दहा टक्के, म्हणजे १.५, मर्यादा ४. दोन्ही आपापल्या मर्यादेत आहेत एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण फ्युरोकुमरिन दोन्हींत असतात आणि परिणाम एकत्र होतो. ०.६ भागिले २ म्हणजे ०.३०, १.५ भागिले ४ म्हणजे ०.३७५. बेरीज ०.६७५. एकाच्या आत आहे, म्हणून चालतं. कागदी लिंबाचं दाबून काढलेलं तेल घालायची इच्छा झाली तर त्याची मर्यादा ०.७ टक्का आहे. तिथे उर्ध्वपातन केलेलं तेल घ्यावं, त्याला हा दोष नाही.

मिश्रण बाटलीत बंद करून आठवडाभर कपाटात. पहिल्या दिवशी ते विस्कळीत वाटतं, प्रत्येक जण स्वतंत्र बोलतो. सातव्या दिवशी बर्गमॉटची कड बोथट होते आणि फळ पुढे येतं. या काळात रंग बदलतो का ते पाहायचं. संत्र्याचा जोर वाढवायला काही जण मिथाइल अँथ्रॅनिलेट घालतात. ते लिंबातल्या सिट्रालसारख्या अल्डिहाइडांशी जुळून शिफ बेस नावाचा रंगीत पदार्थ तयार करतं आणि मिश्रण पिवळ्याचं गडद नारिंगी होत जातं. वास फार बिघडत नाही, पण पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतो. आम्ही ते टाळलं. रेड मँडरिनचा स्वतःचा रंगही काही कमी नाही, म्हणून पांढऱ्या कपड्यावर जवळून फवारू नये, हे बाटलीवर लिहून ठेवलं.

मग अल्कोहोल. परफ्यूमसाठी विकलं जाणारं, ९५-९६ टक्क्यांचं, वासरहित. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, सॅनिटायझर किंवा आयसोप्रोपिल चालत नाही. आयसोप्रोपिलचा इस्पितळी वास पहिल्या दोन मिनिटांत नेमका लिंबाच्या जागी येऊन बसतो. अल्कोहोल हा राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या अखत्यारीतला विषय आहे, तेव्हा बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावं. परफ्यूम विकायचा असेल तर २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो; स्वतःपुरता करणं ही वेगळी गोष्ट. आणि स्वयंपाकघरात हे काम नकोच. या अल्कोहोलचा ज्वलनांक सतरा अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. गॅस, समई, उदबत्ती काहीही त्या खोलीत नको.

वीस ग्रॅम मिश्रणाला ११३.३ ग्रॅम अल्कोहोल. एकूण १३३.३ ग्रॅम, आकारमानाने साधारण १६० मिली. गाळण्यातली तूट धरून पन्नास मिलीच्या तीन बाटल्या. पंधरा टक्केच का? वीस टक्के करून पाहिला. उन्हात तो अंगावर तेलकट बसला आणि टिकाऊपणात फरक अर्ध्या तासाचाही पडला नाही. पारंपरिक कोलोनसारखा चार-पाच टक्के केला, तर तो आंघोळीनंतर ओंजळीने लावायचा प्रकार झाला आणि त्यातलं फळ दिसेनासं झालं. काही सूत्रांत थोडं पाणी घालायला सांगतात, अल्कोहोलचा झणका कमी व्हावा म्हणून. लिंबूवर्गी परफ्यूममध्ये जपून. टर्पिनं पाण्याला दाद देत नाहीत. दुसऱ्या चमच्याला बाटली ताकासारखी पांढुरकी होते आणि मग ती निवळायला आणखी अल्कोहोलच ओतावं लागतं. आम्ही पाणी घातलं नाही.

तीन आठवडे अंधारात, दोन-तीन दिवसांनी हलकं हलवून. त्यानंतर फ्रिजमध्ये चार अंशांना अठ्ठेचाळीस तास. दाबून काढलेल्या तेलांत सालीवरचं मेण आलेलं असतं, ते थंडीत तळाशी धुरकट बसतं. गाळायचं ते थंड असतानाच आणि गाळणीची काचही फ्रिजमधून काढलेली. पहिल्यांदा बाटली ओट्यावर ठेवून तासाभराने गाळली, तर मेण पुन्हा विरघळून खाली उतरलं आणि दोन दिवसांनी तोच धूर भरलेल्या बाटलीत दिसला. पुन्हा थंड करून पुन्हा गाळावं लागलं. प्रयोगशाळेचा गाळण कागद उत्तम. कॉफीचा फिल्टर दुहेरी घडीने घेतला तरी भागतं.

अंगावरची चाचणी मनगटावर नको, तिथे हात धुतले जातात. कोपराच्या आतल्या बाजूला, बिनवासाच्या साबणाने धुतलेल्या कातडीवर, दोन फवारे. पाच मिनिटं, वीस मिनिटं, एक तास, तीन तास, सहा तास अशा नोंदी. नाकं किमान तीन हवीत. मस्कच्या बाबतीत हे फार गरजेचं, कारण काही लोकांना काही मस्कचा वास अजिबात येत नाही. ज्याला हेल्व्हेटोलाइडचा वास येत नाही तो ‘दोन तासांत संपला’ म्हणून सांगणार आणि ते त्याच्यापुरतं खरंच असणार.

ठाण्यात पारा चौतीसवर आणि हवा ओली असताना नोंदी अशा आल्या: लिंबू-बर्गमॉट पंधरा ते वीस मिनिटं, मँडरिन-ग्रेपफ्रूट चाळिसाव्या मिनिटापर्यंत, आंबटगोड फळ आणि हेडिओन अडीच तास, मस्क-वाळा कातडीलगत पाच तास, सुती कपड्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत. हीच कुपी नागपूरला चाळिशीपलीकडच्या कोरड्या उन्हात वापरली तेव्हा पहिला टप्पा दहा मिनिटांत आटोपला आणि फळ तास-दीड तासावर आलं. कोरड्या कातडीवर काही टिकत नाही. तिथे आधी बिनवासाचं मलम हातावर चोळून मग फवारल्यावर फळ पुन्हा दोन तासांवर गेलं. दमट हवेत उलटी काळजी: वास पसरतो जास्त, म्हणून तीन फवारे पुरे, आणि काखेजवळ एकही नको. ऑक्सेन कितीही कमी केलं असलं तरी.

बाटलीचं तोंड पंधरा मिलिमीटरचं, दाबून बसवायच्या पंपाचं. स्क्रूच्या पंपाखालची वायसर स्वस्तातली असली की आतलं लिमोनीन ती फुगवतं आणि उन्हाळ्यात बाटली गळते. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातो, म्हणजे पन्नास मिलीत पाचशेच्या आसपास फवारे. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली आठवड्यात टर्पेंटाइनकडे झुकते. दहा मिलीची कुपी पिशवीत, मोठी बाटली कपाटाच्या खालच्या खणात. कुरियरने पाठवायची तर यूएन १२६६, ज्वालाग्राही द्रव म्हणून जाहीर करूनच. विमानाच्या मालात तशीच सरकवू नये.

तीन बाटल्यांपैकी तिसरी न उघडता, तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवली आहे. उघडलेल्या दोन बाटल्यांतलं लिंबू सहाव्या महिन्याला कितपत उतरलं, हे तिच्याशी पट्टी लावून पाहायला.